कोल्बी ताब्यात आहे

१

टॅलमन काउंटीत सकाळी उठल्यावर लोक आधी आभाळाकडे बघत नाहीत, अटकेची यादी बघतात. शेरीफच्या कचेरीची ही यादी रोज पहाटे संगणकावर लागते आणि ती सगळ्यांना खुली असते. काल कुणाला धरलं, कशासाठी धरलं, कुणी धरलं, जामीन किती, आणि शेजारी त्याचा फोटो. फोटोत तारवटलेले डोळे, विस्कटलेले केस आणि मागे तुरुंगाची फिकट हिरवी भिंत. केंटकीच्या या डोंगरांतल्या कोळशाच्या खाणी बंद पडल्या, त्यांच्या जागी नशेच्या गोळ्या आल्या, आणि तेव्हापासून यादीत रोज कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच. किराणा दुकानात बायका एकमेकींना 'कशी आहेस' असं विचारायच्या आधी 'आज कोण?' असं विचारतात.

परक्या माणसाला वाटेल, काय ही लाज. लाज होती हो, सुरुवातीला होती. मग इथल्या आयांना हळूहळू उमगलं, की यादीत नाव आहे म्हणजे पोरगं जिवंत आहे. डोक्यावर छप्पर आहे, दोन वेळा काहीतरी पोटात जातंय, आणि निदान आज तरी हातात सुई नाही. मुलाचं नाव यादीत दिसावं म्हणून देवाला हात जोडणाऱ्या आया तुम्ही दुसरीकडे कुठे बघितल्या असतील असं मला वाटत नाही. इथे त्या घरोघरी आहेत.

आर्डिथ स्टिडम त्यांतलीच एक. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. नवरा व्हर्जिल खाणीतल्या धुळीने छाती खराब होऊन कधीच गेला. मागे राहिला एकुलता एक कोल्बी, तिशीतला घोडा. तो पानगळीच्या दिवसांत एका संध्याकाळी 'आलोच' म्हणून बाहेर पडला तो आलाच नाही. आर्डिथने तो बेपत्ता असल्याची तक्रार नोंदवली. सगळा हिवाळा रोज सकाळी कॉफीचा कप शेजारी ठेवून तिने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. कोल्बी नव्हता. दुसऱ्यांची पोरं होती, तिचा नव्हता. कॉफी निवून जायची आणि ती तशीच कामाला निघायची.

आणि मार्चमधल्या एका सकाळी, बाहेर बर्फ वितळून पागोळ्या गळत असताना, तो दिसला. स्टिडम, कोल्बी. फोटोत त्याचाच चेहरा, गालावरची कांजिण्यांची खूणसुद्धा जागच्या जागी. आर्डिथचा जीव भांड्यात पडला. तिने तोंडावर पदरासारखा ॲप्रन दाबून धरला आणि पोटभर रडून घेतलं. मग शेजारच्या जुनेलला फोन लावला.

"जुनेल, यादी बघ. खालून बघ."

"थांब, चष्मा घेऊ दे." मग जुनेलचा आवाज चढला. "अगं बाई! सापडला का मेला एकदाचा? आता जा आणि चांगला कान उपट त्याचा. आणि आधी मला सांग, धरलाय कशासाठी?"

आर्डिथने पुन्हा पाहिलं. आरोपाचा रकाना रिकामा होता.

२

तुरुंगाच्या खिडकीशी रोन्डा फ्युगेट बसते. रोन्डाला लहानपणी आर्डिथनेच शाळेत दूध वाढलेलं, त्यामुळे ती आर्डिथला वर मान करून बोलत नाही. आर्डिथने सोबत स्वच्छ मोजे आणि बनियन आणले होते. तुरुंगात ते देऊ देत नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी आणले होते.

"मिस आर्डिथ, तो इथे नाहीये हो," रोन्डा म्हणाली.

"असं कसं? सकाळीच बघितलं मी. जुनेलनेही बघितलं."

रोन्डाने स्वतःच्या संगणकावर शोधलं. मग आत जाऊन एका शिपायाला कोठड्या बघायला पाठवलं. तो परत आला आणि त्याने मान हलवली. आर्डिथने पिशवीतून टॅबलेट काढला आणि काचेला लावला. तिथे कोल्बी होता. रोन्डा काचेजवळ सरकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"हे असं होतं कधीकधी," ती म्हणाली. "यादी बाहेरगावची कंपनी चालवते. जुनी नावं वर येतात मग."

"तारीख आजची आहे, रोन्डा. आणि हा फोटो मी कधी बघितलेला नाही. माझ्याकडे त्याचे सगळे आहेत."

हे खरं होतं. दुसऱ्यांच्या घरी शाळेतले फोटो चौकटीत असतात, आर्डिथकडे मुलाचे अटकेचे फोटो जपून ठेवलेले होते.

"मला नीट वाचून दाखव, बाई. मला यातलं सगळं कळत नाही."

रोन्डाने बोट काचेवर ठेवून एकेक रकाना समजावला. आरोप रिकामा, म्हणजे अजून कुणी कसला आरोप ठेवलेला नाही. जामीन रिकामा, म्हणजे न्यायाधीशापुढे उभा केलेला नाही. स्थिती: ताब्यात. म्हणजे कुणीतरी धरून ठेवलाय, आणि सोडायचं की नाही ते त्याच्याच हातात आहे.

"कुणाच्या?"

"ज्याने धरला त्याच्या. हा इथे, शेवटचा रकाना. ए. स्टिडम."

रोन्डाची नजर त्या 'ए'वरून आर्डिथकडे गेली. मागच्या बाकावर कुणाचं तरी तान्हं किरकिरत होतं.

"स्टिडम काय, या काउंटीत दगड मारला तर एखाद्या स्टिडमलाच लागेल," आर्डिथ म्हणाली. "असेल कुणी नवीन पोलीस. ॲल्विन म्हणा, आर्थर म्हणा."

"आमच्याकडे स्टिडम आडनावाचं कुणीच नाही, मिस आर्डिथ." रोन्डाने आवाज खाली आणला. "घरी जा तुम्ही. मी कंपनीला सांगते, ते नाव काढतील."

"काढू नको," आर्डिथ म्हणाली. ती इतक्या जोरात बोलली की बाकावरच्या बाईने वर पाहिलं. "खबरदार ते काढलंस तर. राहू दे ते."

३

दुपारी जुनेल घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव घेऊन आली. ही बाई तोंडाने फाटकी, पण मनाने सोनं. दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या आणि आर्डिथने तो फोटो बोटांनी ताणून मोठा केला.

"बारीक झालाय," जुनेल म्हणाली. "आणि हे केस बघ. न्हाव्याने उधारी बंद केली वाटतं."

"चेहरा सोड. भिंत बघ."

तुरुंगाची भिंत फिकट हिरवी असते, हे इथे लहान पोरंही सांगतील. ही भिंत पांढरी होती, आणि तीही कमरेपर्यंतच. वर उघड्या सिमेंटच्या विटा. कोल्बीच्या खांद्याच्या वर एक पाइप गेलेला, त्याला जुन्या टॉवेलच्या चिंध्या गुंडाळलेल्या. टॉवेलवर पिवळी फुलं होती.

"हे आमचं तळघर आहे," आर्डिथ म्हणाली. "व्हर्जिलने रंग लावायला घेतला आणि अर्ध्यावर त्याचा श्वास पुरेना. तो पाइप गोठू नये म्हणून चिंध्या मी बांधल्यात. माझ्या हातच्या आहेत त्या."

जुनेलने चमचा खाली ठेवला. "इथली सगळी तळघरं सारखीच दिसतात. सगळ्यांच्या विटा एकाच वखारीतल्या. आणि पिवळ्या फुलांचे टॉवेल माझ्याकडेपण होते, तेव्हा सेलमध्ये निघाले होते."

"हो, होते तुझ्याकडे."

"मग? कुठल्या तरी कार्ट्याच्या तळघरात बसला असेल नशा करत. तिथे काढलाय फोटो कुणीतरी. टवाळखोर पोरं. त्यांना संगणकातलं सगळं येतं, घातला असेल यादीत."

आर्डिथला हे पटलं. खरं सांगायचं तर तिला ते पटवून घ्यायचं होतं. कुणाच्या तळघरात का असेना, आहे ना. पण जुनेल गेल्यावर ती उठली, तळघराच्या दाराची कडी काढली आणि दिवा लावून खाली उतरली.

खाली काही नव्हतं. फळीवर शेंगांच्या बरण्या, कोपऱ्यात कोल्बीची जुनी खाट, बाहेरून आत यायच्या तिरप्या दाराला आतून कुलूप. ती त्या पाइपाखाली उभी राहिली. तिथे भिंतीवरचा पांढरा रंग ओला होता. बर्फ वितळतोय, ओल येणारच. तिने हात लावून पाहिला. ओल जमिनीपासून नव्हती, छतापासूनही नव्हती. माणूस पाठ टेकून उभा राहिला तर जिथे पाठ येईल तेवढ्याच भागात होती, आणि तिचा हात बाजूच्या थंडगार विटांवरून त्या ओलीवर आला तेव्हा ती भिंत कोमट लागली.

ती वर आली. कडी घातली. नंतर बराच वेळ कडीवरून तिचा हात निघेना.

४

दुसऱ्या दिवशी नाव होतं. तिसऱ्या दिवशीही होतं. बाकी लोक यादीत येत होते आणि सुटून जात होते, कोल्बी तिथेच. आणि फोटो मात्र रोज नवा. एकदा नजर समोर, एकदा खाली. एकदा त्याने मान वर करून उजवीकडे पाहिलेलं. तळघरात त्या बाजूला जिना आहे.

आर्डिथचं असं झालं, की तिला भीती वाटायची आणि सुखही वाटायचं, आणि दोन्ही एकाच ठिकाणी, छातीच्या खाली. शाळेत ती पोरांना दूध वाढताना गुणगुणायला लागली. बाकीच्या बायका म्हणाल्या, आर्डिथला काय झालंय, लग्नबिग्न ठरलंय की काय. ती हसली. घरी आल्यावर ती एक ताट वाढून तळघराच्या पहिल्या पायरीवर ठेवायची. सकाळी ते तसंच असायचं, फक्त अन्न गार व्हायला हवं त्याहून फार गार झालेलं असायचं. बटाट्यावर बर्फाची पातळ साय धरलेली असायची. उंदीर खात नाहीत म्हणजे उंदीर नाहीत, एवढाच अर्थ तिने त्यातून काढला. माणसाचं डोकं मोठं सोयीचं असतं.

आवाजाचं मात्र काही करता येईना. सकाळी ती टॅबलेट उघडायची आणि यादी यायच्या आधी खालून आवाज यायचा. खट्. एकच, कोरडा. कॅमेऱ्याचा असतो तसा. आणि मग यादी यायची, नवा फोटो यायचा.

पाइप असेल, ती म्हणायची. उन्हाने पाइप तापतात आणि वाजतात. मग एका ढगाळ सकाळी तिने जुनेलला मुद्दाम कॉफीला बोलावलं आणि काही न सांगता तिच्यासमोर यादी उघडली.

खट्.

जुनेलच्या हातातला कप बशीवर आपटला. तिने आधी जमिनीकडे पाहिलं आणि मग फोटोकडे. फोटोत कोल्बीचे ओठ उघडे होते, बोलता बोलता काढल्यासारखे. केस कपाळाला चिकटलेले, आणि जॅकेटच्या कॉलरवर ओली, कुजलेली ओकची पानं.

"आर्डिथ," ती म्हणाली, "माझ्याकडे चल राहायला. आत्ता. पर्स घे आणि चल."

"आणि याला कोण बघेल?"

"कुणाला?" जुनेल उभी राहिली.  "बाई गं, तो माणूस म्हणून तिथे उभा नाहीये. तुला दिसत नाहीये का त्याचा चेहरा? तो काहीतरी मागतोय तुझ्याकडे."

"मला दिसतंय. तो यादीत आहे."

जुनेल गेली. संध्याकाळी तिने फोन केला नाही, आणि दुसऱ्या दिवशीही केला नाही. चाळीस वर्षांची शेजारीण, पण तिला दोष कसा द्यायचा? मी असतो तर कुंपणावरून उडी मारून पळालो असतो.

५

शेरीफचा डेप्युटी एल्डन नोबल आला तेव्हा आर्डिथ शाळेतून नुकतीच आली होती. एल्डन आणि कोल्बी शाळेत एकाच वर्गात. एल्डनने दारातच टोपी काढली. इथे पोलीस टोपी काढून आला, की घरातल्या माणसाने बसून घ्यायचं असतं.

"कॉफी घेशील?"

"नको, मिस आर्डिथ. बसा तुम्ही." तो स्वतः बसला नाही. "वरच्या जुन्या खाणीच्या कड्याखाली, ओढ्यात, एक माणूस सापडलाय. बर्फ उतरला म्हणून दिसला. पानगळीपासून तिथेच असणार. पाय घसरला असावा, मार लागलाय डोक्याला. त्याला फार कळलं नसेल, मला वाटतं."

"कोण आहे?"

"तेच विचारायला आलोय. चेहऱ्यावरून सांगता येत नाही. दातांवरून, रक्तावरून सांगता येईल, पण ते काम राज्याच्या राजधानीत होतं आणि तिथे ढीग पडलाय. उन्हाळा उजाडेल." त्याने खिशातून एक फोटो काढला, टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला. "हे त्याच्या अंगावर होतं."

तपकिरी जॅकेट, चिखलाने काळं पडलेलं. डाव्या कोपराला जीनचं ठिगळ. ठिगळाचे टाके आडवेतिडवे होते, कारण ते घालताना तिचा चष्मा मोडलेला होता आणि कोल्बी समोर बसून तिची टिंगल करत होता. मम्मी, हे शिवलंयस की कोंबडीने चोच मारलीय?

तिला ते टाके बघताक्षणी कळलं. 

"तुम्ही हो म्हणालात तर आम्ही त्याला उद्या घरी आणू," एल्डन हळू आवाजात म्हणाला. "व्हर्जिलकाकांच्या शेजारी जागा आहे ना? आमच्या चर्चचे प्रीचर येतील. आणि ती यादीतली भानगड रोन्डाने सांगितलीय मला. तक्रार बंद झाली, की त्याचं नाव सगळीकडून निघेल. तुम्हाला रोज ते बघावं लागणार नाही."

"सगळीकडून?"

"हो. सगळीकडून."

खालून जिन्याची एक पायरी वाजली. मग दुसरी. एल्डनने तळघराच्या दाराकडे पाहिलं.

"घरात कुणी आहे का?"

"लाकूड आहे. उन्हाने फुगतं."

बाहेर आभाळ भरलेलं होतं. एल्डनने खिडकीकडे पाहिलं. दाराच्या पलीकडून, अगदी कडीच्या उंचीवरून, कुणीतरी श्वास घेतला. मग आवाज आला. तो ओला होता, तोंडात पानं असल्यासारखा जड होता, पण आवाज कुणाचा हे काही तिला सांगायला नको होतं. इथले पुरुष म्हातारे झाले तरी आईला मम्मीच म्हणतात.

"मम्मी. हो म्हण ना गं."

एल्डनचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने ते ऐकलं की नाही हे आर्डिथला कधीच कळलं नाही, कारण त्याने नंतर ते कुणालाही सांगितलं नाही. तो टेबलाच्या कडेला धरून उभा राहिला.

"हो म्हण. मला जाऊ दे. मी दमलोय."

आर्डिथने जॅकेटचा फोटो उचलला. प्रत्येक टाका नीट बघितला. पोरगं काय मागतंय ते तिला स्वच्छ समजत होतं. आयुष्यभर त्याने तिच्याकडे नको नको ते मागितलं होतं, आणि तिने दिलं होतं. आज पहिल्यांदा तो योग्य ते मागत होता. तिने तोंड उघडलं. हो म्हणायला एक क्षण पुरला असता. आणि उद्या सकाळी ती कॉफी घेऊन बसेल, यादी वरपासून खालपर्यंत वाचेल, आणि तो नसेल. परवाही नसेल. कधीच नसेल.

"नाही," ती म्हणाली. "हे माझ्या मुलाचं नाही."

"मिस आर्डिथ..."

"माझा मुलगा ताब्यात आहे. यादी बघ."

एल्डनने फोटो खिशात ठेवला. टोपी घालायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. दारात तो वळून म्हणाला, "उन्हाळ्यात अहवाल येईलच हो. तेव्हा काय करणार?"

"उन्हाळा लांब आहे," आर्डिथ म्हणाली.

६

गाडीचा आवाज वळणाआड गेल्यावर तिने कडी काढली आणि दार उघडलं. स्वयंपाकघराचा उजेड पहिल्या काही पायऱ्यांपर्यंतच गेला. त्या उजेडाच्या अगदी कडेला दोन अनवाणी पावलं होती. निळी, सुजलेली, बोटांमध्ये चिखल. त्यांच्यावर काय होतं ते अंधारात होतं, आणि तिने दिव्याच्या बटणाला हात लावला नाही.

तो आता काही मागत नव्हता. तो फक्त रडत होता, लहान पोरं मार खाऊन झाल्यावर रडतात तसा, आवाज न करता, नाकाने.

"थंडी वाजतेय का रे?" तिने विचारलं.

 तिने आपल्या पलंगावरची गोधडी आणली, नीट घडी केली आणि पहिल्या पायरीवर ठेवली. हात मागे घेताना तिच्या मनगटाला गारवा लागला. तिने पुन्हा दार लावलं, कडी घातली, आणि कडी हलते का ते ओढून पाहिलं.

मग ती टेबलाशी बसली. जुनेलचा मक्याचा पाव अजून डब्यात होता. तिने टॅबलेट उघडला. यादी पहाटेच लागते, तरी खालून खट् आवाज आला आणि नवी यादी आली. स्टिडम, कोल्बी. ताब्यात. आता त्याने कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली होती. फोटोत त्याचे ओले केस दिसत होते आणि भिंतीला टेकलेलं कपाळ.

आर्डिथने पावाचा तुकडा मोडला आणि सावकाश चावत राहिली. तिला खूप दिवसांनी भूक लागली होती.